एकटा तरुण द्वेषाच्या टोळीत कसा सापडतो?

मे २०१४ च्या अखेरीस मुंबईजवळील कल्याण शहरातील चार तरुण यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तेथून एके दिवशी जथ्याला न सांगता निघून गेले. 'इस्लामिक स्टेट' या क्रूर संघटनेला मिळण्यासाठी ते गेले होते. घरच्यांना हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. ही मुले निरक्षर नव्हती, की अन्नाला महाग नव्हती. खाऊनपिऊन सुखी अशा घरांतील ती मुले; त्यांत अभियांत्रिकीचा अभ्यास करणाराही होता. त्यांच्यापैकी एक जण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तुर्कस्तानमार्गे परतला व राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. इतर तिघे परतले नाहीत. परत आलेल्या तरुणाच्या जबाबाविषयी त्या वेळी वृत्तपत्रांत जे छापून आले, ते वाचून कोणालाही कीव यावी. वीरश्रीच्या ज्या कल्पनेने तो गेला, तिच्याऐवजी पाणी भरणे आणि संडास धुणे त्याच्या वाट्याला आले होते. पुढे खटला रेंगाळला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा जामीन कायम केला, तोवर त्याच्या ऐन तारुण्यातील सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता.

त्याच्या अपराधाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. तो आपला विषय नव्हे. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. कल्याणच्या घरात बसलेल्या मुलाला हजारो कोस दूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांची हाक आईच्या हाकेपेक्षा जवळची का वाटावी?

या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळांची चूक येथेच होते, की ते लगेच धर्माकडे बोट दाखवतात. म्हणून दुसरे उदाहरण शेजारी ठेवू. १ जानेवारी २०२२ रोजी इंटरनेटवर असे एक साधन आढळून आले, की ज्यात शंभरावर मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून लावून त्यांचा जणू 'लिलाव' मांडला होता. कोणी पत्रकार, कोणी सामाजिक कार्यकर्ती. नववर्षाच्या सकाळी या स्त्रियांनी स्वतःचा चेहरा त्या बाजारात पाहिला! मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आणि दिल्ली पोलिसांनी आठवड्याभरात ज्यांना पकडले ते बहुतेक एकवीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. एक बंगळुरात शिकणारा, एक आसामातला, एक उत्तराखंडातला. आणि त्यांत अठरा वर्षांची एक मुलगीही होती, जिचे आईवडील दोघेही निवर्तले होते. ही मंडळी हिंदू घरांतील होती. एकमेकांची ओळख त्यांना झाली ती पडद्यावर, आणि तीही पुष्कळदा खोट्या नावांनी. सराईत गुंडांची टोळी पकडली जाईल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांच्यासमोर आली ती परीक्षेच्या वयाची पोरे.

धर्म निराळा, प्रांत निराळा, घोषणा निराळ्या. परंतु वाट एकच. ती वाट कोठून सुरू होते, हे पाहिले पाहिजे.

एकटे असणे आणि एकाकी असणे यांत भेद आहे. शेताच्या बांधावर दिवसभर एकटा राखण करणारा मुलगा एकाकी असेलच असे नाही. संध्याकाळी घरी त्याची वाट पाहणारे कोणी असते. उलट साठ मुलांच्या वर्गात, भरल्या घरात, गरब्याच्या गर्दीतही एखादा एकाकी असू शकतो. आपण नसलो तरी कोणाचे काही अडणार नाही, ही भावना म्हणजे एकाकीपणा होय. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने २०२५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात जगातील दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे असे म्हटले आहे. आश्चर्य असे, की हे प्रमाण वृद्धांपेक्षा तरुणांत, विशेषतः ऐन शाळकरी वयात, अधिक आढळले. म्हणजे ज्या वयात आपण 'सवंगडी' हा शब्द सर्वांत जास्त वापरतो, त्याच वयात सवंगड्यांचा दुष्काळ अधिक आहे.

येथे घाई करून चालणार नाही. एकाकी मुलांपैकी फारच थोडी द्वेषाच्या मार्गाला जातात. बहुसंख्य पुस्तकात रमतात, चित्रे काढतात, पोहायला जातात, किंवा नुसतीच मनातल्या मनात कुढत मोठी होतात. तेव्हा वर्गातल्या अबोल मुलाकडे संशयाने पाहणे हा मूर्खपणा तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. एकाकीपणा ही कोरडी माती म्हणा. तीत आपोआप विष उगवत नाही, कोणीतरी येऊन ते पेरावे लागते.

पेरणारे पूर्वीही होते. हाना आरेन्ट या विदुषीने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एकाधिकारशाहीची मुळे शोधताना माणसांच्या एकाकीपणाकडेच बोट दाखविले होते, आणि तेव्हा इंटरनेटचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील शिकागोजवळच्या ब्लू आयलंड गावी १९८७ साली चौदा वर्षांचा एक मुलगा गल्लीत एकटाच उभा होता. ख्रिश्चन पिचोलिनी त्याचे नाव. आईवडील इटलीहून आलेले, पोटापाण्यासाठी दिवसभर कामात गुंतलेले. अशा वेळी मुंडण केलेला एक इसम त्याच्यापाशी आला आणि बोलू लागला. तो गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. काही वर्षांतच हा मुलगा स्वतः त्या टोळीचा पुढारी झाला. पुढे बाहेर पडला, आणि नंतर इतरांना बाहेर काढण्याच्या कामी लागला. त्याचे म्हणणे असे, की माणूस अशा टोळीकडे तत्त्वज्ञानासाठी जात नाही. आपण कोण, आपले कोण आणि आपण कशासाठी जगतो या तीन गोष्टींच्या शोधात जातो. द्वेषाचे तत्त्वज्ञान मागाहून चिकटते. मला स्वतःला हे विधान पुष्कळ ग्रंथांहून मोलाचे वाटते, कारण ते आत राहून आलेल्या माणसाचे आहे.

मात्र १९८७ साली त्या म्होरक्याला गल्लीपर्यंत चालत यावे लागले. चार शेजारी त्याला पाहू शकत होते, एखादी आजी 'कोण रे तो?' म्हणून विचारू शकत होती. आता तो उशीपाशी येतो. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली जो उजेड दिसतो, त्यात कोण कोण बसले आहे हे घरातल्या कोणालाही दिसत नाही.

ही रीत नीट समजून घेतली पाहिजे. प्रारंभी द्वेष दिसतच नाही, विनोद दिसतो. एखादे व्यंगचित्र, एखादी कोटी, कोणत्यातरी जातीची, धर्माची अथवा स्त्रियांची टिंगल. मुलगा हसतो. हसला म्हणून त्याला तसेच आणखी दाखविले जाते. हे दाखविणारा माणूस नसून यंत्र असते. कोणत्या चित्रावर आपली नजर किती वेळ खिळली याचा हिशेब ते ठेवते आणि नजर खिळून राहील असेच पुढे मांडते. त्या यंत्राला ना धर्म ना वैर; त्याला केवळ आपला वेळ हवा असतो, कारण वेळ म्हणजे जाहिराती व जाहिराती म्हणजे पैसा. परंतु राग आणि भीती यांनी नजर सर्वांत जास्त खिळते, हा मनुष्यस्वभाव असल्यामुळे पैशाच्या मागे लागलेले यंत्र नकळत द्वेषाचे वाटाड्या बनते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ माणसांना ठार मारणाऱ्या इसमाविषयी तेथील चौकशी आयोगाने जो अहवाल दिला, त्यात यूट्यूबवरील चित्रफितींचा त्याच्यावर मोठा प्रभाव पडल्याचे नमूद केले आहे. त्याला मित्र जवळजवळ नव्हतेच. हत्याकांड मात्र त्याने थेट प्रक्षेपित केले. म्हणजे ज्यांच्यासाठी ते केले ते 'प्रेक्षक' त्याच्या मनात सतत होते. असा माणूस एकटा होता असे म्हणावे, की त्याच्या पाठीशी अदृश्य जमाव होता असे म्हणावे?

हसण्यानंतर येते ती तक्रार. प्रत्येक तरुणाच्या मनात काहीतरी ठसठसत असते. नोकरी लागली नाही, गुण कमी पडले, एखाद्या मुलीने नकार दिला, वडील हिणवून बोलले. मित्राजवळ हे बोलता आले तर तो म्हणतो, "अरे, माझेही तसेच झाले", आणि दोघे चहा प्यायला जातात. दुःख राहते, पण त्याची धार जाते. द्वेषाच्या अड्ड्यावर नेमके उलटे घडते. तेथेही प्रथम सहानुभूतीच मिळते, आणि एकाकी मुलाला ती अमृतासारखी लागते हे विसरता कामा नये. परंतु लगोलग सांगितले जाते, की हे तुझे दुर्दैव नव्हे, हा कट आहे. आणि कट करणारे 'ते' आहेत. 'ते' कोण, हे अड्ड्यागणिक बदलते: कोठे मुसलमान, कोठे हिंदू, कोठे काफर, कोठे ज्यू, कोठे एखादी जात, कोठे समस्त स्त्रीवर्ग. दुःखाला कारण मिळाले की मन हलके होते आणि कारणाला चेहरा मिळाला की हात शिवशिवू लागतात.

कॅनडातील एक गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील एका तरुण विद्यार्थिनीने, स्वतः एकाकी असल्यामुळे, आपल्यासारख्या लाजाळू माणसांसाठी इंटरनेटवर एक मांडव उभारला. प्रेमाचा जोडीदार न मिळालेल्या स्त्री-पुरुषांनी तेथे यावे, मन मोकळे करावे, एकमेकांस धीर द्यावा, एवढाच तिचा हेतू. अशांसाठी तिने जे नाव योजले त्यातून पुढे 'इन्सेल' हा शब्द रूढ झाला. ती स्वतः कालांतराने त्यातून बाहेर पडली. मागे राहिलेल्यांत मात्र हळूहळू धीर देणारे कमी व चिडलेले जास्त झाले; शेवटी तो शब्द स्त्रीद्वेष्ट्या तरुणांची निशाणी बनला. २३ एप्रिल २०१८ रोजी त्याच कॅनडातील टोरांटो शहरात स्वतःला या पंथाचा म्हणविणाऱ्या तरुणाने पदपथावरील माणसांवर गाडी घातली. दहा जण तत्काळ मृत्युमुखी पडले, अकरावी व्यक्ती २०२१ मध्ये गेली. दुखावलेल्यांच्या मेळाव्यात धीर देणारा कोणी शहाणा माणूस शिल्लक राहिला नाही, तर तो मेळावा कोणत्या टोकाला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आठवत नाही.

अड्ड्याला स्वतःची भाषाही असते. बाहेरच्यांना न कळणारे शब्द, खुणा, टोपणनावे. नवा मुलगा ते शब्द शिकतो तेव्हा त्याला बहुमान मिळाल्यासारखे वाटते. मग सुरू होते चढाओढ. काल ज्याने शिवी दिली त्याच्यापेक्षा आज मला अधिक वाईट लिहिता आले पाहिजे, तरच टाळ्या पडतील. खरे नाव नसल्यामुळे लाज नाही. समोर माणूस नसल्यामुळे त्याच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. २०२२ च्या त्या 'लिलावा'मागे हीच चढाओढ नसेल असे म्हणवत नाही, कारण त्याच्या सहा महिने आधी, जुलै २०२१ मध्ये, तसाच एक प्रकार झाला होता आणि दुसरा जणू पहिल्यावर ताण करण्यासाठी केला गेला. शेवटी घराशी असलेला धागा तोडला जातो. 'तुझे आईबाप भोळे आहेत, शिक्षक विकले गेले आहेत, तुझे मित्र भ्याड आहेत. जागे आहोत ते आपणच.' हे वाक्य ज्या दिवशी मुलाला पटते, त्या दिवशी तो घरात राहूनही घराबाहेर पडलेला असतो.

आता कोणी म्हणेल, या साऱ्याशी आपल्या मकरपुऱ्याचा काय संबंध? २०१४ च्या नवरात्रात एका आक्षेपार्ह चित्रावरून आपल्याच बडोद्यात दंगल उसळली आणि मोबाइलवरील इंटरनेट काही दिवस बंद ठेवावे लागले, हे मोठ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी २ जून रोजी पुण्यात हडपसर भागात, थोर पुरुषांच्या विटंबनेच्या चित्रांवरून खवळलेल्या जमावाने एका तरुण संगणक-अभियंत्याचा बळी घेतला. त्याचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. खटल्यातील सर्व आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. मेलेला मुलगा तर गेलाच, पण त्याला कोणी मारले याचेही उत्तर त्याच्या आईवडिलांना मिळाले नाही.

आणि आपली वस्ती कशी आहे? मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत खानदेशातून, विदर्भातून, तसेच उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले कितीतरी तरुण पाळ्यांमध्ये काम करतात. एका खोलीत चार जण राहतात; पण एकाची रात्रपाळी तर दुसऱ्याची दिवसपाळी, त्यामुळे चौघांची गाठ रविवारखेरीज पडत नाही. गाव मागे राहिले, येथे ओळख नाही. जेवणाचा डबा आणि मोबाइल एवढेच सोबती. येथे जन्मलेल्या मराठी मुलाची अडचण थोडी निराळी. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. सुटीत मामाकडे गेला तर तेथे त्याला 'गुजराती' म्हणून हसतात आणि येथे तो 'मराठी'. तिन्ही भाषा येणे हे खरे तर केवढे धन! पण सोळाव्या वर्षी माणसाला धन नको असते, आपलेपणा हवा असतो. अशा मुलाला जर कोणी म्हणाले, "तू आमचा", तर तो 'आम्ही' कोण हे विचारायला थांबेल का?

बाहेर पडण्याची वाटही आहे, आणि आश्चर्य असे, की ती बहुधा वादविवादातून जात नाही. अमेरिकेत १९९५ साली 'स्टॉर्मफ्रंट' नावाचा वर्णद्वेषाचा मोठा अड्डा इंटरनेटवर सुरू झाला. त्याच्या संस्थापकाच्या घरी वाढलेल्या डेरेक ब्लॅक यांनी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्या अड्ड्याचे मुलांसाठीचे पान तयार केले होते! पुढे फ्लोरिडातील महाविद्यालयात ही ओळख उघडकीस आली, तेव्हा बहुतेकांनी त्यांना वाळीत टाकले. एका ज्यू सहाध्यायाने मात्र शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाला बोलावले. पहिल्या दिवशी ना जाब विचारला ना उपदेश केला. असे एक नव्हे, अनेक शुक्रवार गेले. दोन वर्षे गेली. मैत्री झाल्यावर प्रश्न विचारले गेले, पुरावे पुढे ठेवले गेले. २०१३ मध्ये डेरेक ब्लॅक यांनी तो विचार सोडल्याचे जाहीरपणे लिहिले. ताटावर जे साधले ते सभेत साधले नसते. मात्र या गोष्टीचा अर्थ असा घेऊ नये, की ज्याचा अपमान झाला त्यानेच प्रत्येक वेळी अपमान करणाऱ्याला जेवू घालावे. तशी सक्ती कोणावर करता येत नाही. ते काम आपण, म्हणजे ज्यांना झळ लागलेली नाही अशांनी, आधी केले पाहिजे.

आपल्याकडेही हे घडले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी इंटरनेटवरून 'इस्लामिक स्टेट'च्या हस्तकांच्या संपर्कात आल्याचे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाला समजले. पथकाने तिला बेड्या घातल्या नाहीत. आईवडिलांना विश्वासात घेतले, जाणत्यांकरवी तिची समजूत घातली. कायद्याच्या हाती दंडुका असताना त्याने समजुतीचा मार्ग धरला, ही गोष्ट मला अभिनंदनीय वाटते.

आणि बडोद्याला तर याबाबतीत बाहेर शोधत जाण्याचे कारणच नाही. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव कोणाला ठाऊक नाही? राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे महाराष्ट्रीय हिंदू, त्यांचे वस्ताद जुम्मादादा मुसलमान. आणि शिष्याने नावारूपाला आणलेली संस्था आजही गुरूच्या नावाने ओळखली जाते. आखाड्यातल्या लाल मातीत नवख्या मुलाला नाव विचारतात, मग जोडी लावून देतात. दररोज ठरल्या वेळी कोणीतरी त्याची वाट पाहतो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 'काल कोठे होतास?' असा प्रश्न येतो. पडद्यावरच्या टोळीजवळ हा प्रश्न नसतो. तेथे एक मुलगा नाहीसा झाला तर त्याच्या जागी दुसरे टोपणनाव येते, इतकेच. आखाडा, भजनी मंडळ, गणेशोत्सवातील नाटकाची तालीम, वाचनालयातील संध्याकाळ यांचे मोल करताना आपण कला आणि आरोग्य मोजतो. त्यांनी किती मुलांना कुढण्यापासून वाचवले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पालकांनी काय पाहावे, असे विचारले जाते. मोबाइल हिसकावून घेणे हा उपाय सर्वांत सोपा व सर्वांत निरुपयोगी, कारण त्यामुळे टोळीने सांगितलेले 'घरचे तुझे वैरी आहेत' हे वाक्य खरे ठरते. त्यापेक्षा बोलण्यातले बदल ऐकावेत. कालपर्यंत शेजारच्या सलीमचे किंवा संतोषचे नाव घेणारा मुलगा आज 'ही जात', 'ते लोक' असे बोलू लागला. नवे, न समजणारे शब्द येऊ लागले. जुने मित्र एकाएकी तुटले, खेळ सुटला, झोप उलटीपालटी झाली, तर त्याच्याशेजारी जाऊन बसावे. "तुला हे कोणी सांगितले?" असे दरडावण्यापेक्षा "तुझे काय बिनसले आहे?" असे विचारावे, आणि उत्तर येईस्तोवर थांबावे. ते पहिल्या दिवशी येणार नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्या हाती तर आमच्याहून अधिक आहे. मधल्या सुटीत डबा घेऊन एकटा भिंतीकडे तोंड करून बसणारा कोण, हे शिक्षकांच्या आधी तुम्हांला दिसते.

मन फारच कोंडले असेल आणि घरात बोलण्याजोगे कोणी नसेल, तर भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालविली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. अहोरात्र कोणत्याही वेळी तेथे बोलता येते, आपल्या भाषेतही बोलता येते. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवावा. स्वतःला नाही तर बाकावरच्या सोबत्याला लागेल.